काचेच्या पेटीतल्या बाळाला मांडीवर घ्यायचं काम: एनआयसीयूमध्ये व्हॉलंटियर व्हायचंय त्यांच्यासाठी सगळं सविस्तर

पहिल्या दिवशी सिस्टरनी माझ्या हातात बाळ दिलं तेव्हा पहिला विचार आला तो हा की याला वजनच नाहीये. दुपट्यात गुंडाळलेलं, डोक्यावर टोपी, नाकातून गेलेली बारीक नळी गालाला चिकटपट्टीने चिकटवलेली, पायाच्या पंजाला सेन्सरचा लाल दिवा, आणि सगळं धरून जेमतेम 1800 ग्रॅम. मी सवयीने लगेच थोपटायला लागले, मांडी हलवायला लागले, तोंडाने च् च् करायला लागले, म्हणजे घरातलं बाळ कुरकुरलं की आपण जे जे करतो ते सगळं एकदम. बाळाने दोन्ही हातांची बोटं ताठ फाकवली आणि मान फिरवली. सिस्टर शेजारी वाकून हळूच म्हणाल्या, "काही करू नका ताई. नुसतं धरून बसा."

हे नुसतं धरून बसणं शिकायला मला बरेच आठवडे लागले आणि अजूनही कधी कधी हात आपोआप थोपटायला जातो. गेली काही वर्षं मी आठवड्यातून एकदा हे काम करते. ओळखीचे लोक विचारत असतात की सुरुवात कशी करायची, काय काय लागतं, भीती नाही का वाटत, म्हणून एकदा बैजवार लिहून काढतेय.

काम नक्की काय आहे

एनआयसीयू म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग. इथे जास्त करून कमी दिवसांची बाळं असतात, म्हणजे 37 आठवडे पूर्ण व्हायच्या आत जन्मलेली, शिवाय पूर्ण दिवसांची पण जन्मताना त्रास झालेली, ऑपरेशन झालेली, इन्फेक्शन असलेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे 2020 साली जगभरात साधारण 1 कोटी 34 लाख बाळं वेळेआधी जन्मली, दर दहातलं जवळपास एक. त्यातलं अठ्ठावीस आठवड्यांचं बाळ असेल तर ते दोन-अडीच महिने सहज तिथे राहतं, साधारण त्याची मूळ तारीख जवळ येईपर्यंत.

आता एवढे दिवस आईबाबा चोवीस तास तिथे बसू शकत नाहीत. आई स्वतःच आजारी असते, घरी मोठं भावंड असतं, बाबांची रजा संपलेली असते, हॉस्पिटल लांब असतं. सिस्टरकडे एका वेळी दोन-तीन बाळं असतात, त्या एकाची सलाईनची सुई लावत असताना पलीकडचं रडायला लागलं तर त्या दोन हातांनी करणार तरी काय. तिथे आपण येतो. बाळ मांडीवर घ्यायचं, शांत बसायचं, वेळ झाली की परत द्यायचं. औषध नाही, दूध पाजणं नाही, लंगोट बदलणंही बऱ्याच ठिकाणी नाही.

एक गोष्ट सगळ्यात आधी मनात पक्की करा. आपण आईबाबांची जागा घ्यायला जात नाहीये. आईच्या किंवा बाबांच्या उघड्या छातीवर बाळाला ठेवतात त्याला कांगारू केअर म्हणतात, ती 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात एदगार रेय सानाब्रिया या डॉक्टरांनी सुरू केली, कारण तिथे पेट्या कमी आणि बाळं जास्त अशी अवस्था होती. निरुपाय म्हणून केलेला तो उपाय इतका चांगला निघाला की 2022 पासून जागतिक आरोग्य संघटना कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांसाठी जन्मल्यापासूनच, दिवसाला 8 ते 24 तास जितकं जमेल तितकं हे करा असं सांगते. ते काम घरच्यांचं. आपण कपडे घातलेले, बाळ दुपट्यात गुंडाळलेलं, आणि आईबाबा दारात दिसले की आपण लगेच उठायचं (म्हणजे सिस्टर बाळ घेतील मग उठायचं, स्वतःहून नाही, ते पुढे सांगते).

सुरुवात कुठून करायची

सगळ्या हॉस्पिटलांत हे काम नसतं. काही ठिकाणी बाहेरच्या माणसाला एनआयसीयूत पाऊल टाकता येत नाही आणि त्यामागे इन्फेक्शनचं खरं कारण असतं, तेव्हा नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. जिथे असतं तिथे व्हॉलंटियर विभागात चौकशी करायची, तो नसेल तर नवजात विभागाच्या मुख्य सिस्टरना किंवा समाजसेवा विभागाला भेटायचं. बऱ्याच ठिकाणी वेटिंग लिस्ट असते कारण हे काम सगळ्यांनाच हवं असतं. माझा सल्ला असा की तोवर त्याच हॉस्पिटलात दुसरं काहीतरी घ्या, मुलांच्या वॉर्डात पुस्तकं वाचून दाखवणं असेल, चौकशी खिडकीवर बसणं असेल. तुम्ही ठरलेल्या वेळेला येता का, सांगितलेलं ऐकता का, हे लोक बघत असतात आणि जागा निघाली की ओळखीच्या चेहऱ्याचा विचार आधी होतो.

वय 18 पूर्ण लागतं, काही ठिकाणी 21. पोलीस तपासणी होते, कागदपत्रं, ओळखीच्या दोन माणसांची नावं, मुलाखत. मुलाखतीत "तुम्हाला हे काम का करायचंय" हे विचारतातच, आणि इथे खरं बोला. नुकतंच स्वतःचं बाळ गमावलं असेल किंवा मूल होत नाही म्हणून मन फार कातर झालेलं असेल तर ते लपवू नका. त्यासाठी नाकारतातच असं नाही, पण तिथल्या पेट्यांपुढे उभं राहिल्यावर आत दबलेलं सगळं वर येतं आणि त्या वेळी मांडीवर दुसऱ्याचं बाळ असतं. सहा महिने वर्षभर थांबून आलेली माणसं पुढे फार चांगलं काम करतात, मी बघितलंय.

मग मेडिकल. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, हिपॅटायटिस बी, फ्लूची दरवर्षीची लस, टीबीची तपासणी, आणि डांग्या खोकल्याचा बूस्टर. हा डांग्या खोकला मोठ्या माणसाला नुसता लांबलेला खोकला वाटतो पण महिन्या-दोन महिन्याच्या बाळाला तो जिवावर बेततो, त्यामुळे त्याचा बूस्टर टाळू नका.

आणि वेळेचा शब्द. सहसा आठवड्यातून एकदा दोन ते चार तास आणि किमान सहा महिने ते वर्षभर असं लिहून घेतात. जमणार नसेल तर आधीच नाही म्हणा, कारण ट्रेनिंगवर सिस्टर लोकांचा वेळ जातो आणि तो वेळ बाळांकडून काढून घेतलेला असतो.

ट्रेनिंगमध्ये नियम सांगतात, आग लागली तर काय, गोपनीयता काय, हात कसे धुवायचे, बाहुलीवर बाळ धरायला शिकवतात, मग दोन-तीन वेळा अनुभवी व्हॉलंटियरबरोबर बसवतात. तिथे जितके प्रश्न विचाराल तितके कमीच.

त्या दिवशी घरून निघण्याआधी

स्वतःकडे एकदा नीट बघा. घसा खवखवतोय, नाक वाहतंय, पोट बिघडलंय, अंगावर पुरळ आहे, हातावर न भरलेली जखम आहे, घरात कुणाला ताप आहे, तर जायचं नाही, फोन करून सांगायचं. ओठावर तापाचा फोड आला असेल तर अजिबात नाही, तो हर्पीसच्या विषाणूचा असतो आणि नवजात बाळात तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. "एवढंसं तर आहे, मास्क लावेन" हा विचार इथे चालत नाही. मी एकदा नुसत्या शिंका येत होत्या म्हणून गेले नाही आणि दिवसभर मनाला लागून राहिलं की आज कुणीतरी पेटीत एकटं रडत असेल, पण दुसऱ्याच दिवशी मला चांगला ताप भरला.

सेंट नाही, वासाचं तेल नाही, केसांना उग्र वासाचं काही नाही, सिगरेट ओढत असाल तर त्या दिवशी आधी नाही आणि कपडे धुतलेले. या बाळांचं नाक चांगलं चालतं, आईचा वास ती ओळखतात, आपला वास त्यावर चढवायचा नाही. अर्ध्या बाह्यांचे मऊ कपडे, लांब केस बांधलेले, गळ्यात लोंबणारं काही नाही. नखं बारीक कापलेली, नेलपॉलिश आणि खोटी नखं नाहीत. आणि पोटभर खाऊन, बाथरूमला जाऊन मगच आत जा, कारण एकदा बाळ मांडीवर शांत झोपलं की दीड तास उठायची सोय नसते.

हात धुणं, याला वेळ द्या

अंगठ्या, घड्याळ, बांगड्या काढून कोपरापर्यंत साबणाने धुवायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत साबणाने हात धुवायला 40 ते 60 सेकंद आणि सॅनिटायझरने चोळायला 20 ते 30 सेकंद लागतात. 40 सेकंद ऐकायला काहीच नाहीत पण सिंकपुढे उभं राहून मोजा, खूप वाटतात. तळवे, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठा वेगळा फिरवून, नखांची टोकं तळव्यावर घासून. अंगठा आणि नखं हीच सगळ्यांची राहून जातात. 1847 मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूती वॉर्डात इग्नाझ सेमेलवाईस या डॉक्टरने सगळ्यांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने खाली आले, तेव्हा त्याचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. ही गोष्ट मी दर वेळी सिंकपुढे आठवते, त्यात 40 सेकंद निघून जातात.

धुतल्यानंतर स्वतःच्या चेहऱ्याला, केसाला, चष्म्याला हात लागला की परत सॅनिटायझर. एका बाळाकडून दुसऱ्याकडे जाताना परत. आणि मोबाईल लॉकरमध्येच ठेवा. तो आत नेला की हात त्याच्याकडे जाणारच, त्याच्यावर जंतू किती असतात ते सोडा, बाळ मांडीवर असताना स्क्रीनकडे बघणं हेच चूक आहे, आणि फोटो तर कधीच, कुणाचाही, चेहरा न दाखवतासुद्धा नाही.

आधी बसायचं, मग बाळ घ्यायचं

आत गेल्यावर आपल्या मनाने कुठल्याही पेटीपाशी जायचं नाही. सिस्टरना विचारायचं, "आज कुणाला घेऊ?" कधी त्या म्हणतील आज कुणालाच नको, कधी म्हणतील अर्ध्या तासाने या, आत्ता याची तपासणी होऊन झोप लागलीय. झोपलेलं बाळ घेण्यासाठी उठवायचं नसतं, झोपेतच त्याचा मेंदू वाढत असतो. तेव्हा वाट बघायची, दुपट्यांच्या घड्या घालायच्या.

खुर्ची पाठ टेकता येणारी, हात ठेवायला दांडा असलेली बघा. ती पेटीच्या आणि मॉनिटरच्या इतकी जवळ हवी की वायरी ताणल्या जाणार नाहीत. मागे नीट सरकून बसा, दोन्ही पाय जमिनीवर, कोपराखाली उशी, खांदे सैल सोडा. मी सुरुवातीला खुर्चीच्या टोकावर अवघडून बसायचे, वीस मिनिटांत हाताला मुंग्या यायच्या, हात बदलायला गेलं की बाळ दचकून उठायचं. आता आधी स्वतःची पाच मिनिटं घेते, उशा लावते, दोन-तीन लांब श्वास घेते आणि मग सिस्टरना खुणेने सांगते की चला द्या.

बाळ पेटीतून काढणं आणि परत ठेवणं हे सिस्टरचं काम. छातीला मॉनिटरचे तीन चिकट पॅच, पायाला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर, पोटात जाणारी नळी, कधी सलाईन, एवढं सगळं घेऊन बाळ हलवायचं म्हणजे ते शिकलेल्या हातांनीच हलवावं. आपण बाळ घेऊन उभं राहायचं नाही, चालायचं नाही, पाय अडकला तर काय होईल याचा विचार केलात तर नियम आपोआप पटतो. हातात आल्यावर सगळ्या नळ्या-वायरी एकदा नजरेखालून घाला, कुठली बाळाच्या खाली दाबली नाही ना, आपल्या कोपरात अडकली नाही ना. मग डोकं कोपराच्या वळणात, ते मांडीपेक्षा जरा वर, आणि मान सरळ. हनुवटी छातीला टेकायला नको, श्वासनळी इतकी बारीक आणि मऊ असते की मान पुढे वाकली तरी श्वास अडतो. नाक-तोंड कायम दिसत राहिलं पाहिजे, दुपटं वर सरकतं त्यावर लक्ष ठेवा. टोपी काढू नका, या बाळांच्या अंगात चरबी नसते, उष्णता भराभर जाते.

आता नुसतं धरायचं

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून जरा सविस्तर.

आईच्या पोटात बाळाला सगळीकडून भिंत असते, हात पाय पसरले की काहीतरी लागतं. पेटीत ते नसतं, हात हवेत जातो आणि बाळ दचकतं. म्हणून आपला हात ती भिंत व्हायला हवा. एक तळवा डोक्यामागे, दुसरा तळवा पायांना धरून पाय जरा पोटाकडे, हात छातीवर तोंडाजवळ, आणि हे असं स्थिर ठेवायचं. दाब द्यायचा नाही पण हात अगदी अधांतरीही ठेवायचा नाही, टेकलेला, जड, उबदार हात. बोटाच्या टोकाने हळूच गोंजारणं आपल्याला प्रेमाचं वाटतं पण कमी दिवसांच्या बाळाच्या पातळ त्वचेला ते हुळहुळतं आणि त्रास देतं. स्थिर हात चालतो, फिरता हात नाही.

दुसरं म्हणजे एका वेळी एकच गोष्ट. एकतर धरा, नाहीतर हळू आवाजात बोला, नाहीतर डोळ्यांत बघा. पूर्ण दिवसांचं बाळ तिन्ही एकदम घेऊ शकतं, बत्तीस आठवड्यांचं नाही घेऊ शकत, त्याचा मेंदू अजून गर्भातलाच असतो. आवाजाचं पण तसंच, एनआयसीयूत आवाज 45 डेसिबलच्या खाली ठेवा असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1997 मध्येच सांगितलंय आणि 45 म्हणजे साधं बोलणं पण त्याच्या वर जातं. पेटीच्या झाकणावर काहीही ठेवू नका, बोटाने टकटक तर मुळीच नाही, आत तो ढोल वाजल्यासारखा आवाज जातो. अंगाई गुणगुणायची असेल तर आधी पाच-दहा मिनिटं नुसतं धरा, बाळ स्थिरावलं की मग एकाच सुरात, बारीक आवाजात, आणि बाळाकडे न बघता.

हे बाळ काय म्हणतंय ते कसं कळायचं? 1980 च्या दशकात हायडेलिझे आल्स या मानसशास्त्रज्ञांनी कमी दिवसांच्या बाळांकडे तासन् तास बघून दाखवलं की ही बाळं रडायच्या कितीतरी आधी अंगाने बोलत असतात, आपल्याला वाचता यायला हवं. ट्रेनिंगमध्ये हे शिकवतात पण मांडीवर बाळ येईपर्यंत खरं कळत नाही. बोटं ताठ फाकली, हात वाहतुकीच्या पोलिसासारखा पुढे आला, भुवया वर चढल्या, नजर वळवली, पाठीची कमान झाली, उचकी लागली, एकामागून एक शिंका आल्या, जांभया यायला लागल्या, अंगावर लालनिळे ठिपके ठिपके दिसायला लागले, की समजायचं "पुरे". जांभई बघून आपल्याला वाटतं झोप आली, उचकी बघून वाटतं पोटात काहीतरी झालं, पण इथे बऱ्याचदा ते थकल्याचं सांगणं असतं. अशा वेळी काही वाढवायचं नाही, कमी करायचं. बोलत असाल तर थांबा, बघत असाल तर नजर बाजूला घ्या, हलवत असाल तर थांबा, डोळ्यांवर उजेड येत असेल तर हाताने आडोसा करा, आणि हात स्थिर ठेवून एक-दोन मिनिटं वाट बघा. तरी नाही थांबलं तर सिस्टरना सांगायचं.

उलट हात तोंडाजवळ गेले, मूठ सैल झाली, कपाळाची आठी गेली, श्वास एकसारखा झाला, चोखल्यासारखी तोंडाची हालचाल झाली, आपल्या बोटाला पकडलं, तर सगळं छान चाललंय. एक बाळ होतं, दर वेळी आधी दहा मिनिटं आक्रसून असायचं, कपाळावर म्हाताऱ्या माणसासारख्या आठ्या, खांदे कानाला लागलेले. मी नुसती धरून बसायचे आणि मग कधीतरी एक खांदा खाली यायचा, मग दुसरा, मग एक लांब उसासा आणि सगळं अंग माझ्या हातावर सांडल्यासारखं जड व्हायचं. त्या क्षणी मॉनिटरवरचा हृदयाच्या ठोक्यांचा आकडा पण हळूहळू उतरताना दिसायचा. मी त्या उसाशाची वाट बघत बसायचे.

अलार्म वाजला तर

वाजणारच, घाबरू नका. पायाचा सेन्सर बाळाने पाय झाडला तरी वाजतो. पण कमी दिवसांची बाळं खरंच मधेच श्वास घ्यायचं थांबवतात, मेंदूतलं श्वासाचं केंद्र पिकलेलं नसतं म्हणून, आणि 20 सेकंदांपेक्षा जास्त थांबला किंवा त्यासोबत ठोके कमी झाले तर त्याला ॲप्निया म्हणतात. आपल्याला कुठलं खरं कुठलं खोटं ठरवायचं नाहीये. आपण बघायचं ते बाळाकडे, स्क्रीनकडे नाही. ओठांचा रंग कसा आहे, छाती हलतेय का, मान वाकली आहे का. मान वाकली असेल तर सरळ करा, आणि त्याच वेळी सिस्टरना हाक मारा, मोठ्याने मारली तरी चालेल, अशा वेळी शांतता पाळायची नसते. बाळाला हलवायचं नाही, बटण दाबून अलार्म बंद करायचा नाही, घाईने उठायचं नाही.

माझ्या पहिल्या अलार्मला मी आकड्याकडे बघत गोठले होते. सिस्टर आल्या, त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंच नाही, आधी बाळाच्या ओठांकडे पाहिलं, मग पायाचा सेन्सर नीट बसवला आणि गेल्या. तेव्हापासून मी तेच करते, आधी ओठ.

काही बाळांचं वेगळं असतं

आईने गरोदरपणात अफूवर्गातली औषधं किंवा नशा घेतलेली असेल तर जन्मानंतर बाळाचं ते एकदम तुटतं आणि बाळाला त्याचा त्रास होतो. किनऱ्या आवाजात न थांबता रडणं, थरथर, अंग ताठ, शिंका, दूध न पचणं. यांना धरायला सगळ्यात जास्त हात लागतात. अमेरिकेतल्या 26 हॉस्पिटलांत झालेल्या आणि 2023 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात बाळ खातंय का, झोपतंय का आणि शांत करता येतंय का एवढं बघून आधी मिठी, अंधार, शांतता आणि गरज पडली तरच औषध अशी पद्धत वापरली, तर बाळ घरी जाण्यालायक व्हायला सरासरी 14.9 दिवसांच्या जागी 8.2 दिवस लागले. यांना गच्च गुंडाळून, छातीशी घेऊन, कमी उजेडात, अगदी सावकाश वर-खाली असा एकाच लयीत झोका दिला तर चालतो, पण तोही सिस्टर म्हणाल्या तरच. इथे तासभर रडणं ऐकून घ्यायची तयारी ठेवा. आणि त्या आईबद्दल मनात सुद्धा काही बोलू नका, ती आली तर तिला बसायला खुर्ची द्या.

पोटात नळी असलेल्या बाळाला दूध चालू असतानाही बऱ्याचदा मांडीवर देतात, सिरिंजमधून दूध आपलं आपण उतरत असतं, त्याला हात लावायचा नाही. चोखणं, गिळणं आणि श्वास या तिन्हींचा मेळ साधारण 32 ते 34 आठवड्यांच्या सुमारास बसायला लागतो, त्याआधी तोंडाने दिलेलं दूध श्वासनळीत जाऊ शकतं, म्हणून बाळ कितीही तोंड हलवत असलं तरी पाजायचं नाही, विचारल्याशिवाय चोखणीसुद्धा नाही.

डोळा लागतोय असं वाटलं तर लगेच सिस्टरना बोलवा. अंधूक उजेड, ऊब, मांडीवर झोपलेलं बाळ, झोप येतेच, त्यात लाजण्यासारखं काही नाही, न सांगणं मात्र धोक्याचं आहे.

आईबाबा

काही आया आपल्याला बघून रडतात. आपल्या बाळाला परकं कुणीतरी घेऊन बसलंय आणि मला जमत नाहीये, असं त्यांना वाटतं. काही जणी तर मांडीवर घेतल्यावर बाळ शांत झालेलं बघून अजून खचतात. त्यांच्यासमोर "माझ्याकडे किती छान राहतो" असलं वाक्य चुकूनही नको. मी फक्त इतकंच सांगते की आज दुपारी थोडा जागा होता, तेव्हा तुमचीच वाट बघत होतो आम्ही. तब्येतीबद्दल काही विचारलं तर सिस्टर किंवा डॉक्टरांकडे पाठवायचं, आकडा माहीत असला तरी सांगायचा नाही. "माझ्या बहिणीचं पण असंच होतं, आता बघा किती मोठा झालाय" हेही नको, प्रत्येकाचं तसं होईलच असं नसतं.

आणि नाव, आजार, कुठल्या घरचं, हे बाहेर कुठेही नाही. घरीसुद्धा नाही. मी घरी फक्त "आज एक बाळ होतं" एवढंच सांगते.

पेटी रिकामी दिसली तर

हे कुणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगते. आठवड्याने परत गेलात की तुमच्या ओळखीची पेटी रिकामी असू शकते, आत नवी चादर. बहुतेक वेळा बाळ घरी गेलेलं असतं. कधी नाही. दोन्ही बाबतीत गोपनीयतेमुळे तुम्हाला काही सांगितलं जाईलच असं नाही आणि विचारायचं पण नाही, सिस्टर स्वतःहून बोलल्या तर ऐकायचं. मला एकदा चेहऱ्यावरून कळलं. मी हात धुवायच्या सिंकपाशी जाऊन उभी राहिले, नंतर व्हॉलंटियरच्या ताईंशी अर्धा तास बोलले, त्या दिवशी कुणालाच घेतलं नाही. तसं करायला परवानगी असते, घ्या ती. जड मनाने आखडलेल्या हातात बाळ स्वस्थ होत नाही, त्यांना आपले आखडलेले दंड कळतात. दोन-तीन आठवडे हलकं वाटलंच नाही तर सुट्टी मागा, हॉस्पिटलचे समुपदेशक असतात त्यांना भेटा.

निघताना बाळ सिस्टरच्या हातात द्यायचं, त्यांनी पेटीत ठेवून वायरी लावून होईपर्यंत थांबायचं, कारण कधी कधी ठेवल्या ठेवल्या ते दचकतं आणि त्या म्हणतात जरा हात ठेवता का. मग पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घालायचा, एक तळवा डोक्यावर, एक पायांवर, तसाच स्थिर. झोप लागली की हात एकदम काढायचे नाहीत, आधी पायांवरचा, थोडं थांबून डोक्यावरचा, अगदी सावकाश. मग वहीत कुणाला किती वाजता घेतलं ते लिहायचं, उलटी झाली असेल किंवा नेहमीपेक्षा जास्त रडलं असेल तर तेही, खुर्ची पुसायची, दुपटं धुवायच्या पिशवीत टाकायचं, आणि परत एकदा हात धुवायचे.